गावाआधी आलेलं स्मशान

डेन्व्हरहून निघून नेब्रास्कात शिरलं, ओगलाला सोडलं आणि २६ नंबरचा हायवे धरला, की गवताच्या टेकड्यांशिवाय बराच वेळ काही दिसत नाही. लेवेलन हे छोटंसं गाव यायच्या थोडं आधी, रस्त्याला अगदी खेटून एक दफनभूमी लागते. ॲश हॉलो सिमेटरी. गेल्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, सोबत होते. सार्वजनिक बांधकाम खात्यात सगळी नोकरी झालेली, त्यामुळे ते कुठंही गेले तरी आधी रस्ता बघतात, मग देखावा. त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून चारी दिशांना नजर फिरवली आणि विचारलं, "गाव कुठंय ह्यांचं?"

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे आधी गाव वसतं, मग गावाच्या शिवेवर, ओढ्याकाठी स्मशानाची जागा ठरते. इथं आजूबाजूला घर नाही, देऊळ नाही, चर्च नाही आणि दगड मात्र दीडशे वर्षांहून जुने. अमेरिकेच्या मध्यभागात गाडीनं फिरणाऱ्या बहुतेक मराठी मंडळींना हे कोडं कधी ना कधी पडतं. मक्याच्या शेताच्या मधोमध लोखंडी कुंपण आणि त्यावर 'पायोनियर सिमेटरी' अशी पाटी. अण्णांना मी गाडीत जे तुटक तुटक सांगितलं, ते इथं जरा नीट मांडते.

आधी वाट, मग कबर, शेवटी गाव

'पायोनियर' म्हणजे एखाद्या मुलखात पहिल्यांदा वस्ती करायला आलेले गोरे लोक. 'पहिल्यांदा' या शब्दावर माझी हरकत आहे, पण ती शेवटी. त्यांच्या काळात तयार झालेली दफनभूमी ती पायोनियर सिमेटरी. कायद्यात मात्र प्रत्येक राज्याची व्याख्या निराळी. आयोवात गेल्या पन्नास वर्षांत बारा किंवा त्याहून कमी दफनं झालेली जागा या नावानं ओळखतात. नेब्रास्काचा कायदा जास्त रंगतदार आहे. जागा १ जानेवारी १९०० च्या आधीची हवी आणि तिथं पुरलेल्यांत सरकारी जमिनीवर वसलेले शेतकरी, परदेशातून आलेले लोक, यादवी युद्धातले सैनिक किंवा चक्क 'माळरान फोडणारे' यांपैकी कोणीतरी हवं. पाच वर्षं कोणी लक्ष दिलं नसेल, तर अशी जागा बेवारस समजून तिची काळजी घ्यायला काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, सांगता येतं.

आता वाट कुठली? १८४० च्या दशकात मिसुरी नदीकाठच्या इंडिपेन्डन्ससारख्या गावांतून पश्चिमेला ओरेगनकडे आणि कॅलिफोर्नियाकडे गाड्यांचे तांडे निघायला लागले. हीच ती ओरेगन ट्रेल. लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर, प्रवास चार ते सहा महिन्यांचा. सिनेमात घोडे दिसतात, पण बहुतेक गाड्यांना बैल जुंपलेले असत. कापडी छपराच्या बैलगाड्याच म्हणा ना. गाडीत सामान, माणसं बाजूनं पायी. दिवसाला फार तर २०–२५ किलोमीटर. १८६९ साली रेल्वे आरपार झाली तोवर तीन ते चार लाख माणसं या वाटेनं गेली, असा अंदाज आहे.

एवढी माणसं महिनोन्‌महिने चालणार म्हटल्यावर वाटेत मरणारही. वस्ती नाही, थांबायला सवड नाही, हिवाळ्याआधी डोंगर ओलांडायचेत. मग जिथं मरण आलं, तिथंच वाटेशेजारी पुरायचं आणि पुढं निघायचं. पाण्याच्या, मुक्कामाच्या ठिकाणी अशा कबरी जास्त जमल्या. पुढं १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं, पाच वर्षं राहून जमीन कसली तर १६० एकर जवळपास फुकट मिळू लागली. मग त्याच मुक्कामांच्या आसपास शेतकरी वसले आणि त्यांनी आपली माणसंही आधीच्या कबरींशेजारीच ठेवली. ॲश हॉलोत तोच क्रम आहे. गाव त्यानंतरचं.

अठरा वर्षांच्या मुलीचा दगड

ॲश हॉलो हा मुक्काम प्रवाशांना फार प्रिय होता, आणि धास्तीचाही. प्रिय अशासाठी की प्लॅट नदीचं गढूळ पाणी पिऊन कंटाळलेल्यांना इथं निवळशंख झरा आणि झाडांची सावली मिळे. जुन्या शिकाऱ्यांनी बांधलेली एक लाकडी खोपी होती. येणारेजाणारे तिच्यात चिठ्ठ्या ठेवून जात, म्हणजे फुकटचं टपाल कार्यालयच. धास्ती होती ती त्याआधीच्या उताराची. विंडलास हिल म्हणतात त्याला. चाकं साखळीनं जखडून, मागून दोरांनी गाडी ओढून धरत उतरवायची. त्या गाड्यांनी पाडलेल्या घळी टेकडीवर अजून दिसतात. 'चाकोरी' हा शब्द आपण नोकरीबद्दल तक्रार करताना वापरतो. खरी चाकोरी बघायची असेल तर इथं बघावी. अण्णा तिथं बराच वेळ वाकून उतार किती अंशांचा असेल याचा हिशेब करत होते.

१९ जून १८४९ रोजी याच मुक्कामावर रेचेल पॅटिसन वारली. वय १८. लग्न होऊन तीन महिनेही झाले नव्हते. सकाळी आजारी पडली आणि रात्रीत संपली, अशी तिच्या नवऱ्याची, नेथनची, नोंद आहे. तिच्या कबरीवर लावलेला ओबडधोबड दगड आजही आहे, पुढे उभारलेल्या मोठ्या स्मारकात जपून बसवलेला. त्यावर नाव, वय आणि तारीख, एवढंच. अक्षरं हातानं कोरलेली. ती बघताना कोरणाऱ्याची घाई दिसते असं मला वाटलं, पण तो माझा भास असेल.

सकाळी आजारी, रात्री मृत्यू. घरात जुनं माणूस असेल तर त्याला रोगाचं नाव लगेच कळेल. पटकी. म्हणजेच कॉलरा.

पटकी अमेरिकेच्या माळावर पोचली कशी?

हा धागा आपल्या बाजूनं सुरू होतो. १८१७ मध्ये बंगालात जेसोरच्या परिसरात पटकीची मोठी साथ उसळली आणि तिथून ती जगभर पसरली. १८३२ साली पहिल्यांदा न्यूयॉर्कला पोचली. १८४९ च्या सुमारास जहाजांतून न्यू ऑर्लिन्सला आणि आगबोटींतून मिसिसिपी नदीनं वर सरकली. त्या एका वर्षात सेंट लुइस शहरात साडेचार हजारांहून जास्त माणसं गेली. आणि ओरेगनला जाणारे बरेचसे लोक त्याच नदीमार्गानं, त्याच वर्षी वर येत होते. वर्षभरापूर्वी कॅलिफोर्नियात सोनं सापडलेलं, त्यामुळे गर्दी कधी नव्हे एवढी.

पंढरीच्या वाटेची आठवण केली की पुढचं समजायला सोपं जातं. हजारो माणसं, एकच रस्ता, ठरलेले मुक्काम, ठरलेली पाण्याची ठिकाणं. आज एक दिंडी जिथं उतरली, उद्या दुसरी तिथंच. शौचाला तिथंच, पाणी भरायला तिथंच. पंढरपूरच्या यात्रेत पटकीची साथ हा एकेकाळी नेमाचा प्रकार होता आणि लस टोचल्याशिवाय यात्रेला सोडत नसत, हे आपल्या आजीआजोबांच्या पिढीनं पाहिलंय. प्लॅट नदीकाठी नेमकं हेच चाललं होतं. गढूळ नदी टाळायची म्हणून लोक काठावर उथळ खड्डे खणून झिरपलेलं पाणी पीत. दिसायला स्वच्छ. पण आदल्या तांड्याची घाणही त्याच मातीतून झिरपलेली.

म्हणून ॲश हॉलोच्या झऱ्याला मी दोष देणार नाही. पटकीचे जंतू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत वेळ लागतो. रेचेलनं ते पाणी शंभर किलोमीटर मागंही प्यायलेलं असू शकतं.

पाण्यातून हा रोग पसरतो, हे जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरांनी लंडनमधल्या एका पंपाचा माग काढून दाखवलं ते १८५४ मध्ये, म्हणजे रेचेल गेल्यानंतर पाच वर्षांनी. तोवर सगळे 'वाईट हवे'ला धरून बसलेले. आपल्याकडे मरीआईचा गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडायचे, तिकडे डॉक्टर पारा घातलेल्या पुड्या आणि अफू द्यायचे, वर रोग्याचं पाणीही तोडायचे. दोन्हींतलं कमी घातक कुठलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गाड्यानं निदान रोग्याला इजा होत नसे.

औषध गाडीतच होतं

पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार भसाभस निघून गेल्यानं. नुसतं पाणी पाजून भागत नाही, कारण बिघडलेलं आतडं ते पुरेसं शोषतच नाही. पण पाण्यात मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात असली, तर साखर आतड्याच्या भिंतीतलं दार उघडते, तिचा हात धरून मीठ आत शिरतं आणि मिठामागून पाणी. जलसंजीवनीचं पाकीट म्हणजे हेच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालातल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या संपल्यावर हे पाणी पिंपांतून वाटलं. शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, ती संख्या चारच्या आत आली. जेसोरपासून बनगाव फार लांब नाही. रोग जिथून निघाला होता, त्याच्या उंबऱ्याशीच उतारा कामी आला.

आणि ओरेगनला निघणाऱ्या प्रत्येक गाडीत पिठाच्या आणि खारवलेल्या मांसाच्या जोडीला साखर आणि मीठ असायचंच. उकळायला भांडं होतं. हे मी सांगितलं तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत, नुसते त्या दगडाकडे बघत राहिले.

बाकीच्यांचे दगड गेले कुठं?

ओरेगन ट्रेलवर किती माणसं मेली? अभ्यासकांचे अंदाज वीस हजारांच्या आगेमागे आहेत. अण्णांनी लगेच भागाकार केला. "म्हणजे दर दीडशे-पावणेदोनशे मीटरला एक मढं." हो, सरासरी तेवढंच. पण प्रत्यक्ष ओळख पटलेल्या कबरी त्या मानानं अगदीच थोड्या.

कारणं साधी आहेत. खूण म्हणून बहुधा लाकडाची फळी असे, किंवा मिळेल तो दगड. फळ्या कुजल्या, वणव्यात जळल्या. बऱ्याच कबरींवर तर मुद्दामच खूण ठेवली नाही. लांडग्या-कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून गाडीवाटेवरच, चाकोरीतच खड्डा घ्यायचा, पुरायचं आणि वरून सगळ्या गाड्या हाकायच्या, म्हणजे माती दाबून बसते. आपल्याच माणसावरून आपलीच गाडी.

ज्यांना खूण मिळाली, ती कोणीतरी हट्टानं रात्र खर्च केली म्हणून. याच हायवेवर पुढं स्कॉट्सब्लफजवळ रिबेका विंटर्सची कबर आहे. १५ ऑगस्ट १८५२ रोजी तीही पटकीनंच गेली. दगड मिळाला नाही, तर एका स्नेह्यानं गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली, तिच्यावर छिन्नीनं नाव नि वय कोरलं आणि ती कमान करून कबरीत रोवली. धाव अजून शाबूत आहे.

पण नक्की कुठं पुरलंय, हे कळतं कसं?

काही लोक वाकवलेल्या दोन तारा हातात धरून फिरतात आणि तारा एकमेकींकडे वळल्या की खाली कबर आहे, म्हणतात. पानाड्या विहिरीची जागा सांगतो तसलाच प्रकार, आणि पुरावाही तेवढाच. खरं काम करतो तो जमीन तपासणारा रडार. ढकलगाडीसारखं यंत्र जमिनीत लहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींवरून खाली काय बदललंय ते दाखवतं. त्यात हाडं दिसतात हा मात्र गैरसमज. दिसते ती एकदा उकरून पुन्हा भरलेली माती. पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला रस्ता आठवा. वरून कितीही डांबर ओता, पुढच्या पावसाळ्यात तो पट्टा खचतोच, कारण उकरलेली माती पहिल्यासारखी बसत नाही. हे उदाहरण अण्णांचं, आणि ते त्यांनी फार पोटतिडकीनं दिलं.

वर दगड असेल तर तो वाचायलाही थोडी सवय लागते. वयाशेजारी वर्षं, महिने, दिवस असे तीन आकडे असतात. कोकरू कोरलेलं असेल तर लहान मूल. बाईच्या नावापुढं 'कॉन्सॉर्ट' असेल तर ती नवऱ्याच्या आधी गेली, 'रेलिक्ट' असेल तर विधवा. बहुतेकांचे पाय पूर्वेकडे, म्हणजे उठून बसलं तर तोंडावर ऊन यावं. निळसर राखाडी, नव्यासारखा दिसणारा दगड असला तर टिचकी मारून बघावी. पोकळ वाजला तर तो दगडच नाही, जस्ताचं ओतकाम आहे. १८७० नंतर काही दशकं हे फार खपत होते.

हलवून टाकायला काय हरकत आहे?

रस्ता रुंद करायचाय, शेत सलग करायचंय, मग पाच-दहा जुन्या कबरी हलवल्या तर बिघडलं काय? प्रश्न व्यवहाराचा आहे आणि कधीकधी हलवतातही. रिबेकाचंच बघा. १८९९ मध्ये रेल्वेची आखणी करणाऱ्यांना ती धाव दिसली आणि त्यांनी रूळ थोडे बाजूनं नेले, असं तिकडं अभिमानानं सांगतात. पण बघायला येणारे लोक रुळांच्या इतके जवळ उभे राहायला लागले की अपघाताची भीती वाटू लागली. शेवटी १९९५ मध्ये तिचे अवशेष काढून थोड्या अंतरावर पुन्हा पुरले. लोहमार्ग जिच्यासाठी सरकला होता, तिला शेवटी लोहमार्गासाठी सरकावं लागलं.

आणि शेतातल्या तुकड्याचं म्हणाल, तर त्याचा एक फायदा कोणी ठरवून केलेला नाही. आपल्याकडे देवाच्या भीतीनं देवराईला कुऱ्हाड लागली नाही, तसं तिकडं मेलेल्यांच्या मानानं दफनभूमीला नांगर लागला नाही. इलिनॉय राज्यात एकेकाळी सव्वादोन कोटी एकरांच्या आसपास प्रेअरी होती, म्हणजे उंच गवताचं मूळ माळरान. आज चांगल्या अवस्थेत उरलंय ते अडीच हजार एकर. त्यातले काही उत्तम तुकडे दफनभूमीत आहेत. लोडा आणि वेस्टन इथल्या जुन्या दफनभूमींचे पाच एकरांच्या आतबाहेरचे तुकडे वनस्पतिशास्त्रज्ञ जिवापाड जपतात. यावरून भांडणंही होतात. वंशजांना कबरीभोवती छान कापलेलं हिरवळीचं गवत हवं असतं. या माळाला मात्र कापणी मानवत नाही, अधूनमधून जाळणं मानवतं. आजोबांच्या कबरीभोवती आग लावू द्या म्हणणाऱ्या शास्त्रज्ञाला किती शिव्या बसत असतील, याची कल्पना करा.

पहिले म्हणजे कोण?

आता माझी हरकत. ॲश हॉलोच्या दरीत एक गुहा आहे आणि तिथं हजारो वर्षांपासून माणसांचा वावर असल्याच्या खुणा मिळाल्यात. वाट तांड्यांनी पाडली असं आपण म्हणतो, पण ती आधीपासून मळलेली होती. पटकीची गोष्टही अशीच एका बाजूनं सांगितली जाते. १८४९ ला तांड्यांबरोबर आलेल्या रोगानं पॉनी आणि शायेन या मूळ रहिवासी लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या उजाड केल्या. त्यांच्या नावाचे दगड या दफनभूमीत नाहीत.

दफनभूमीच्या उत्तरेला नॉर्थ प्लॅट नदी, आणि पलीकडून येऊन तिला मिळणारा ओढा म्हणजे ब्लू वॉटर. ३ सप्टेंबर १८५५ रोजी जनरल हार्नी यांच्या सुमारे सहाशे सैनिकांनी तिथं लकोटा या मूळ रहिवासी लोकांच्या लिटल थंडर नावाच्या प्रमुखाच्या वस्तीवर हल्ला केला. ८६ माणसं मारली, त्यांत बायका-मुलंही होती. सत्तरेक बायका-मुलांना धरून नेलं. हा सूड होता आदल्या वर्षीच्या चकमकीचा. फोर्ट लॅरमीजवळ वाटेवरच्या एका प्रवाशाची गाय लकोटांच्या छावणीत शिरली आणि तिथल्या एकानं ती मारली. गायवाल्यानं पैसे मागितले, लकोटा प्रमुख बदल्यात जनावर द्यायला तयार होता. तरी लेफ्टनंट ग्रॅटन तुकडी घेऊन अटक करायला गेला, गोळीबार झाला आणि तो प्रमुख, ग्रॅटन आणि त्याची सगळी तुकडी मेली.

कबरींच्या बाबतीत कायद्याचे डोळेही बराच काळ दोन तऱ्हेचे होते. गोऱ्या वसाहतवाल्याची कबर उकरणं गुन्हा, आणि मूळ रहिवाशांच्या कबरी उकरून हाडं वस्तुसंग्रहालयाच्या खोक्यांत भरणं हा अभ्यास. नेब्रास्कात पॉनी लोकांनी याविरुद्ध चिकाटीनं लढा दिला आणि १९८९ मध्ये राज्यानं अवशेष परत करायला लावणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, सबंध देशासाठी तसा कायदा आला.

लेवेलनच्या पुढे हायवेला ब्लू वॉटरच्या लढाईची माहिती देणारा फलक आहे. अण्णांनी तो उभं राहून पूर्ण वाचला. गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता म्हणाले, "त्या गायीचे किती मागितले होते म्हणालीस?"

"पंचवीस डॉलर."